दरोग्याच्या घरचं आसव

माझे सासरे आबकारी खात्यात दरोगा होते. बालाघाट जिल्ह्यातल्या चोरट्या दारूभट्ट्या शोधायच्या, मोहाच्या दारूचे मटके फोडायचे आणि गाळणाऱ्याला कचेरीत उभं करायचं, हे त्यांचं काम. आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात आणि सासूला आत्याबाई. जन्मभर तेच म्हणत आले, आता लिहितानाही दुसरं काही सुचत नाही.

मी किरनापूरच्या शेतकऱ्याघरची. लग्न होऊन बालाघाटला आले ती साठीच्या दशकाच्या अखेरीला. आमचे हे तिरोडीच्या खाणीत नोकरीला, शनिवारी यायचे, सोमवारी पहाटे जायचे. म्हणजे आठवडाभर घरात आम्ही तिघंच. मामाजी, आत्याबाई आणि मी. मामाजींच्या धाकापुढं माझी जीभ अर्धा आठवडा टाळ्याला चिकटलेली असायची. उरलेला अर्धा आठवडा ती सुटायची आणि मग आत्याबाईंची पंचाईत व्हायची.

मामाजींच्या नाकाचा बोलबाला जिल्हाभर होता. संशयित समोर आला की ते एवढंच म्हणत, “हाऽ कर.” त्यानं तोंड उघडून श्वास सोडला की मामाजी क्षणभर डोळे मिटत. मग सांगत, मोहाची आहे की तांदळाची, आज घेतली की काल. शिपाई म्हणत, साहेबांचं नाक कचेरीत चालतं. ते खरंच होतं. दारू विकायला काढली होती असं मामाजींनी सांगितलं, की ती विकायलाच काढलेली ठरायची. मॅजिस्ट्रेट दुसरा पुरावा मागत नसत, कारण या माणसानं आयुष्यात थेंबाला स्पर्श केलेला नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. लग्नाच्या जेवणावळीत बाजूच्या पाटावरच्या पाहुण्याच्या तोंडाला वास आला तर मामाजी ताटावरून उठून जात. माझ्या लग्नात माझे सख्खे काका त्यामुळं गोठ्यात जेवले. ही गोष्ट काका मरेपर्यंत मला ऐकवत होते.

असे मामाजी रोज दोन्ही जेवणांनंतर वाटीभर आसव घेत.

घरचंच. आत्याबाई ते करायच्या. मनुका, गूळ, मसाल्याची दोन-चार द्रव्यं आणि जंगलातून बाजारात येणारी धायटीची लाल फुलं, असं सगळं काढ्यात घालून चिनी मातीच्या मोठ्या बरणीत भरायचं, तोंड कापडमातीनं बंद करायचं आणि बरणी धानाच्या कोठीत पुरून ठेवायची. महिन्यानं काढली की आत्याबाई ती गाळायच्या आणि माजघरातल्या फडताळात ठेवायच्या. भूक लागते, अंगात रक्त भरतं, झोप शांत लागते. हे सगळं मामाजींना लागू पडायचं. आसव झाल्यावर ते जरा हसरे व्हायचे आणि कधीकधी आत्याबाईंना नावानं हाक मारायचे. एरवी ते असं करत नसत.

पहिल्यांदा बरणी उघडली तेव्हा मी जवळच होते. वास आला आणि मी पटकन म्हणाले, “आत्याबाई, हा तर आमच्या काकांच्या तोंडचा वास.”

आत्याबाईंनी हातातलं गाळणं खाली ठेवलं. “असं बोलू नाही कधी,” त्या म्हणाल्या. “दारू वेगळी अन् औषध वेगळं. तुह्या मामाजीच्या कानावर गेलं तर मले तोंड दाखवायची सोय नाही राहणार.”

विषय संपला. खरं सांगायचं तर मलाही पटलं. जे शिंदीच्या बनात झाडाखाली पितात ती दारू, आणि जे माजघरात चांदीच्या वाटीतून, देवापुढं हात जोडून घेतात ते औषध. आमच्या घरात ही रेघ इतकी ठळक होती की त्यावर पुन्हा बोट ठेवायचं कुणाच्या मनातही आलं नसतं.

त्या वर्षी पावसाळा संपता संपता मामाजींनी लांजीकडच्या रस्त्यावरच्या एका टोल्यावर, दहा-बारा झोपड्यांच्या वस्तीवर, छापा घातला. मोठी भट्टी मिळाली नाही. एका गोंड बाईच्या झोपडीमागं मातीचा एक मटका सापडला, तोंडाशी नळी बसवलेला. तिची मुलगी चार दिवसांची बाळंतीण होती. बाई म्हणाली, साब, बेटी के लिए है, दवाई है. मामाजींनी मटका फोडला, पंचांचे अंगठे घेतले आणि खटला भरला.

रात्रीचं जेवताना त्यांनी हे आम्हाला सांगितलं तेव्हा ते हसत होते. “या जिल्ह्यात एकबी मटका दारूचा नाही,” ते म्हणाले. “जो फोडा तो दवाईचा. कोणाची बायको बाळंतीण, कोणाच्या बापाले खोकला.” मग त्यांनी आसवाची वाटी तोंडाला लावली. मी वाढायला उभी होते. माझ्या मनात काही आलं असेल तर ते मी तिथंच गिळलं.

बाईला तीन-चार महिन्यांची सजा होईल असं मामाजींचं मत होतं. तारीख पंधरवड्यानं होती. सगळं त्यांच्या साक्षीवर होतं: दारू विकायला होती की घरासाठी होती. घरासाठी असली तर थोडक्यात सुटका, विकायला असली तर तुरुंग. आणि मामाजी नेहमी एकच सांगत.

तारखेला आठवडा असताना मामाजी आजारी पडले. दौऱ्यावर कुठलंतरी पाणी बाधलं. ताप, पोटात कळा, जुलाब. धिप्पाड माणूस दोन दिवसांत भिंत धरून चालायला लागला. डॉक्टर आमच्याच समाजातले, नागपूरला शिकून आलेले, मामाजींना वडिलांच्या जागी मानणारे. त्यांनी पिवळ्या गोळ्या दिल्या. नवं औषध आहे, जंतूंना मारून टाकतं, म्हणाले. लघवी गडद होईल, घाबरू नका. आणखी काही पथ्य विचारलं तर म्हणाले, हलकं खा, बस.

गोळ्यांनी गुण आला. जुलाब थांबले, ताप उतरला. पण गोळ्या अजून चालूच होत्या, कारण डॉक्टरांनी मधेच सोडायच्या नाहीत म्हणून बजावलं होतं. आजारात आत्याबाईंनी आसव बंद ठेवलं होतं. आता मामाजी मऊ भात खायला लागले, तर आत्याबाईंना वाटलं, अंगात ताकद यायला हवी. त्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर त्यांनी नेहमीची वाटी काठोकाठ भरली आणि वर आणखी अर्धी दिली.

त्याच वेळी मामाजींचे दोन शिपाई भेटायला आले होते. तारखेला साहेबांना कचेरीत यायला जमेल का, हे विचारायचं होतं. ओसरीवर बसले होते. मी त्यांच्यासाठी चहा ठेवला.

चहा उकळायच्या आत मामाजींचा आवाज आला. ते बोलता बोलता थांबले होते. मी दारात आले तर त्यांचा चेहरा आणि मान लालभडक झालेली, डोळे तांबारलेले. “डोकं फुटून राह्यलं,” ते म्हणाले. मग छातीवर हात ठेवला. “धडधड होते लय.” श्वास घेता येईना. ओकारी आली ती ओसरीवरच. घाम असा सुटला की सदरा पाठीला चिकटला. शिपायांनी त्यांना दोन्हीकडून धरून आडवं केलं, आणि धरताना दोघांची तोंडं त्यांच्या तोंडाजवळ आली.

मी त्या दोघांकडे पाहत होते. मामाजींनीच शिकवलेली नाकं ती. एकानं दुसऱ्याकडे पाहिलं. दुसऱ्यानं मान खाली घातली. मला भर दुपारी अंगावरचा पदर कुणी ओढल्यासारखं झालं.

एक शिपाई डॉक्टरांना आणायला सायकलवरून गेला. तोवर आत्याबाई पायाशी बसून तळवे चोळत होत्या आणि रडत होत्या. मामाजी मेले असंच आम्ही धरून चाललो होतो. ते शुद्धीवर होते, हे जास्त वाईट. ते मरणाला भ्यायलेले मी प्रथमच पाहिले, आणि पुन्हा कधी पाहिले नाहीत.

डॉक्टर आले. नाडी धरली, रक्तदाब पाहिला, डोळे पाहिले. मग वाकून त्यांच्या तोंडाजवळ गेले आणि तसेच थांबले. डॉक्टरांचं तोंड उतरलं. हलकेच म्हणाले, “दरोगासाहेब, हाऽ करा.”

मामाजींनी डॉक्टरांकडे पाहिलं. ती नजर मला अजून विसरता येत नाही. त्यांनी तोंड उघडलं नाही. दात घट्ट मिटून पडून राहिले. आयुष्यभर दुसऱ्यांना दिलेला हुकूम आपल्यावर आला आणि त्यांना तो पाळता येईना. शेवटी त्यांना आणखी एक उलटी झाली, आणि मग डॉक्टरांना विचारायचं काही उरलं नाही.

“यांनी काही घेतलं का?” त्यांनी आत्याबाईंना विचारलं.

“काही नाही जी. भात अन् वरणाचं पाणी. अन् थोडं आसव, ताकदीसाठी.”

डॉक्टरांनी बरणी मागवली. मी आणून दिली. त्यांनी बोट बुडवून जिभेला लावलं आणि शिपायांना म्हणाले, “तुम्ही जा. साहेब वाचतील.” संध्याकाळ होईपर्यंत ते उशाशी बसून होते. सुई दिली, मीठसाखरेचं पाणी चमच्यानं पाजत राहिले. चेहऱ्यावरची लाली ओसरली, धडधड कमी झाली, आणि मामाजींना झोप लागली. जाताना डॉक्टरांनी उरलेल्या पिवळ्या गोळ्या खिशात घातल्या. आसवाचा थेंबही द्यायचा नाही, गोळ्यांचा अंमल अंगात काही दिवस राहतो, असं आत्याबाईंना दोनदा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले तेव्हा मामाजी तक्क्याला टेकून बसले होते. पहिलाच प्रश्न त्यांनी विचारला, “मले काय झालतं?”

डॉक्टरांनी जे सांगितलं ते मी दाराआडून ऐकलं आणि तेवढं मला आजही येतं. दारू पोटात गेली की शरीर तिची आधी एक विषारी वस्तू करतं. ती फार वेळ ठेवायची नसते. लिव्हरमध्ये तिच्यासाठी एक एन्झाइम असतं. ते त्या विषाचं लगेच निरुपद्रवी काहीतरी करून टाकतं, म्हणून माणसाला कळतही नाही. या पिवळ्या गोळ्या जंतूंना मारतात, पण आपल्या त्या एन्झाइमचेही हात बांधून टाकतात. दारू येत राहते, विष होत राहतं, आणि पुढं जायला वाट नाही.

“राजेगावच्या तपासणी नाक्यावर तुम्ही होते ना,” डॉक्टर म्हणाले. “गाड्या इकडून येऊन राहिल्या, अन् फाटक उघडणारा शिपाई बांधून ठेवला. मग काय होते? तसं झालं तुमच्या अंगात.”

“पण दारू कुठून आली?” मामाजी म्हणाले.

डॉक्टर जरा वेळ नखं पाहत बसले. “आसवात असते जी. गूळ अन् धायटीचं फूल महिनाभर मुरलं की होतेच. म्हणून तर ते टिकते. मोहाच्या मटक्याइतकी कडक नसते, पण असते ती तीच.”

मामाजी म्हणाले, “गोळ्या देताना तुम्ही मले सांगितलं काहून नाही? दारूसंगं घेऊ नका म्हणून?”

“सगळ्यांना सांगतो,” डॉक्टर म्हणाले. “रिक्षावाल्याला सांगतो, मास्तरला सांगतो. तुम्हाला विचारायचं, साहेब दारू घेता का? माझी हिंमत नाही झाली.”

मला त्या घटकेला डॉक्टरांचा संताप आला होता. आदरापोटी माणूस मारून टाकला असता, असं मी नंतर आत्याबाईंना म्हणालेही. पण त्यांच्या जागी त्या गावात कुणीही असता तरी त्यानं तेच केलं असतं. मीही नसतं विचारलं.

डॉक्टर गेल्यावर मामाजींनी मला हाक मारली. “बाई, ती बरणी आण.” मी त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी झाकण काढलं, नाक जवळ नेलं आणि डोळे मिटले, जसे ते कामावर मिटत तसे. वर्षानुवर्षं ते हे आसव पीत होते आणि या बरणीला त्यांनी कधी नाक लावलं नव्हतं. काय कळायचं ते कळलं. झाकण लावून त्यांनी बरणी मला परत दिली.

आत्याबाईंनी दोन दिवस जेवण सोडलं. नवऱ्याला आपण इतकी वर्षं दारू पाजली, एवढंच त्यांच्या डोक्यात राहिलं. मामाजींनी त्यांना एका शब्दानं दुखवलं नाही. मला ते वागणं आवडलं. घाबरवणारा माणूस असा समजूतदार झाला की जास्तच घाबरायला होतं, तेही खरं. गावात कुजबुज होतीच. शिपायांची तोंडं कोण बांधणार? बाजारात मी भाजी घेताना दोन बाया बोलायच्या थांबल्या.

तारखेच्या दिवशी मामाजींनी इस्त्रीचा कोट घातला. पायात बळ नव्हतं, हे तिरोडीला, म्हणून रिक्षातून मी त्यांच्याबरोबर गेले. वाटेत मी धीर करून विचारलं, “मामाजी, काय सांगणार तुम्ही?” त्यांनी रिक्षावाल्याला जरा हळू चालवायला सांगितलं. मी मनातल्या मनात देवाला म्हणत होते, की त्यांनी नेहमीचंच सांगितलं तर मला ऐकू येऊ नये.

बाई पिंजऱ्यात उभी होती. अनवाणी, किडकिडीत, माझ्या आईच्या वयाची. मटक्याचे तुकडे टेबलावर कापडात ठेवले होते. मामाजींनी छापा सांगितला, मटका सांगितला, पंच सांगितले. मग मॅजिस्ट्रेटनी नेहमीचा प्रश्न केला, आणि उत्तर ठाऊक असल्यासारखा दौतीत टाक बुडवला.

“बेचने के लिए थी?”

“मालूम नहीं, हुजूर,” मामाजी म्हणाले. “बेचते मैंने नहीं देखा. घर में जच्चा थी. दवाई है, ऐसा यह बोली थी. मैंने माना नहीं था.” इथं त्यांनी टेबलाची कड धरली. “दवाई हो सकती है, हुजूर. मेरे घर में भी बनती है.”

खोलीत कुणी खोकलं. दोन्ही शिपाई भिंतीशी उभे होते, ते जमिनीकडे पाहत राहिले. मॅजिस्ट्रेटनी टाक खाली ठेवला आणि मामाजींकडे निरखून पाहिलं. मग बाईला कोर्ट उठेपर्यंतची कैद सांगितली. म्हणजे दिवसभर तिथंच कोपऱ्यात बसायचं आणि संध्याकाळी घरी जायचं.

मला वाटलं आता आपण निघू. मामाजी उठले नाहीत. बाहेर बाकावर तेही कोर्ट उठेपर्यंत बसले. मी दोनदा म्हणाले, घरी चला, तुम्हाला त्रास होईल. नाही म्हणाले. ती आत बसली होती, मामाजी बाहेर बसले होते.

संध्याकाळी ती बाहेर आली. मला वाटलं पाया पडेल, आभार मानेल. ती मामाजींसमोर थांबली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, “तो फिर मेरा मटका काहे को फोड़ा, साब? बेटी बिना दवाई के पड़ी है.”

उत्तराची थोडा वेळ वाट पाहून ती निघून गेली.

पुढच्या रविवारी, हे घरी असतानाही, मामाजी म्हणाले, सूनबाईला मी माहेरी भेटवून आणतो. आत्याबाईंना नवल वाटलं, मला नाही. त्यांनी फडताळातली बरणी स्वतः उतरवली, तोंडाला फडकं बांधलं. बसमध्ये किरनापूरपर्यंत ती मांडीवर धरून बसले, खड्डा आला की दोन्ही हातांनी सावरत. माझ्या बाबांनी छकडा जोडून दिला. त्या बाईच्या टोल्यावर आम्ही पोचलो तेव्हा दरोग्याला पाहून माणसं घराआड झाली. एका झोपडीमागं घाईघाईनं काहीतरी झाकल्याचा आवाज आला. मामाजींनी तिकडे मान वळवली नाही.

बाई दारात उभी राहिली. आत गोधडीवर तिची मुलगी होती, कुशीत मूल. मामाजींनी बरणी उंबऱ्याशी ठेवली आणि फडकं सोडलं. काय आहे ते सांगितलं नाही. त्यांना जमलं नसावं.

बाई खाली बसली. तिनं झाकण काढलं, वाकून नाक लावलं आणि डोळे मिटले. इतकी वर्षं लोक मामाजींच्या नाकाकडे ज्या नजरेनं पाहत होते, त्याच नजरेनं मामाजी तिच्याकडे पाहत होते. मला त्यांची दया आली, आणि दया आली म्हणून त्यांचा आदरही वाटला.

तिनं डोळे उघडले.

“हाँ साब,” ती म्हणाली, “दवाई है.” आणि बरणी उचलून मुलीकडे घेऊन गेली.